पॉवर विंडो बंद पडली, तर दोष कोठे शोधावा?

बटण दाबताच खाली-वर होणारी गाडीची काच एखाद्या दिवशी जागेवरच थांबली, की बहुतेक वाहनधारक मोटर जळली असे गृहीत धरतात. बॅटरी, फ्यूज, रिले, स्विच, दारात जाणाऱ्या तारा, मोटर, काच उचलणारी यंत्रणा आणि काच सरकते ती रबरी खाच, या आठ दुव्यांच्या साखळीतील मोटर हा केवळ एक दुवा आहे. यांपैकी कोणताही दुवा निखळला, तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो. काच हलत नाही. दोष नेमका कोठे आहे हे न पाहता सुटा भाग बदलणे म्हणजे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो. खर्च होतो, पण काच पुन्हा अडते.

हा प्रश्न केवळ खर्चाचाही नाही. ऐन पावसात उघडी राहिलेली काच, रस्त्याकडेला बंद न होणारी गाडी, मागच्या आसनावरील लहान मूल आणि पाण्यात अडकलेले वाहन, या सर्व प्रसंगी काचेची यंत्रणा सुरक्षिततेशी जोडलेली असते. म्हणून दोष शोधण्याचा क्रम ठाऊक असणे प्रत्येक वाहनधारकाच्या उपयोगाचे आहे. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून महागाकडे जाणारा असावा. त्यातील निम्म्याहून अधिक तपासणी दार न उघडता आणि कोणत्याही हत्याराविना करता येते.

यंत्रणेची रचना

विजेच्या साह्याने काच हलवण्याची सोय अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांत १९४०च्या सुमारास आली. भारतात अँबॅसेडर, पद्मिनी आणि १९८३मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांच्या काळात हाताने फिरवायचा दांडाच सर्वपरिचित होता. आता लहान गाड्यांतही निदान पुढच्या दोन काचा विजेवर चालतात.

दाराच्या आत १२ व्होल्टवर चालणारी एक लहान मोटर असते. तिच्या दोन तारांमधील विजेची दिशा बदलली, की मोटर उलटी फिरते. त्यामुळे एकाच मोटरने काच वरही जाते आणि खालीही येते. ही दिशा बदलण्याचे काम स्विच करतो. मोटरची फिरती गती सरळ रेषेत काचेपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला रेग्युलेटर म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या लोखंडी भुजा असतात, तर दुसऱ्यात पोलादी दोरी कप्प्यांवरून फिरते आणि काच धरणारी पकड वर-खाली नेते. दुसरा प्रकार हलका व स्वस्त असल्याने अलीकडच्या गाड्यांत अधिक आढळतो. मात्र त्यातील प्लास्टिकची पकड आणि पातळ दोरी कालांतराने तुटू शकते.

चालकाच्या दारावरील स्विचसंच हा या व्यवस्थेचा केंद्रबिंदू असतो. पारंपरिक जोडणीच्या अनेक गाड्यांत इतर दारांच्या मोटरचा परतीचा विद्युतमार्गही याच संचातून जातो. त्यामुळे मागच्या दाराचा स्विच व मोटर दोन्ही सुस्थितीत असूनही, चालकाच्या स्विचसंचातील एक खराब संपर्कबिंदू मागची काच बंद पाडू शकतो. नव्या गाड्यांत स्विच केवळ आज्ञा देतो आणि प्रत्यक्ष वीजपुरवठा नियंत्रक संगणकामार्फत होतो. तेथे दोष शोधण्यासाठी संगणकीय तपासणीयंत्र लागू शकते. पुढे दिलेला प्राथमिक क्रम मात्र दोन्ही प्रकारांना लागू पडतो.

आरंभीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न असा, की काचबंदीचे बटण चुकून दाबले गेले आहे काय? लहान मुलांनी काचा उघडू नयेत म्हणून चालकाच्या दारावर एक बटण असते. ते दाबलेले असताना इतर दारांचे स्विच चालत नाहीत. गाडी धुताना किंवा दार ओढून घेताना ते नकळत दाबले जाते. गॅरेजमध्ये पोहोचलेल्या काही ‘बिघाडां’चे मूळ इतकेच असते.

दुसरा प्रश्न, एक काच बंद आहे की सर्व? सर्व काचा एकाच वेळी बंद पडल्या, तर चारही मोटर एकदम जळाल्या असण्याची शक्यता नगण्य असते. अशा वेळी फ्यूज, रिले, बॅटरी किंवा चालकाचा स्विचसंच पाहावा. एकच काच बंद असेल, तर दोष बहुधा त्या दारात किंवा त्या दाराकडे जाणाऱ्या तारांत असतो.

तिसरा प्रश्न, काच दोन्ही स्विचनी बंद आहे काय? मागची काच त्या दाराच्या स्विचने हलत नाही, पण चालकाच्या स्विचने हलते, तर मोटर आणि रेग्युलेटर दोन्ही ठीक आहेत, असा निष्कर्ष लगेच निघतो. दोष त्या दाराच्या स्विचचा किंवा त्याच्या तारांचा असतो. काच खाली येते, पण वर जात नाही, अशा तक्रारीतही प्रथम संशय स्विचवर घ्यावा, कारण मोटर एका दिशेने फिरते याचा अर्थ ती जिवंत आहे.

आवाजावरून निदान

इंजिन बंद, चावी ‘ऑन’ स्थितीत आणि परिसर शांत असताना स्विच दाबून दाराला कान लावावा. मोटर फिरल्याचा स्पष्ट आवाज येतो, पण काच हलत नाही, तर वीज व मोटर दोन्ही निर्दोष आहेत. रेग्युलेटरची दोरी तुटली आहे किंवा काच पकडीतून निसटली आहे. करकर किंवा कटकट असा आवाज आल्यास दोरी उसवली आहे अथवा दाते झिजले आहेत असे समजावे. अशा स्थितीत स्विच पुन:पुन्हा दाबू नये. गुंतलेली दोरी चांगल्या मोटरचेही नुकसान करते आणि काच दारात कोसळू शकते.

आवाज मुळीच येत नसेल, तर गाडीतील छताचा दिवा लावून स्विच दाबावा. दिवा किंचित मंद झाला, तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे, परंतु मोटर किंवा काच जखडली आहे. दिव्यात काहीही फरक पडला नाही, तर वीज वाटेतच थांबत असण्याची शक्यता अधिक असते. एलईडी दिवे असलेल्या गाड्यांत हा फरक सहज दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक जुनी, पण उपयुक्त चाचणी आहे. स्विच दाबून धरून दाराच्या आतील आच्छादनावर मोटरच्या जागी मुठीने हलकेच ठोकावे. काच अचानक चालू झाली, तर मोटरमधील कार्बन ब्रश झिजले आहेत असे समजावे. हा उपचार नव्हे, इशारा होय. अशी मोटर फार काळ साथ देत नाही.

काही वेळा मोटरला दोषच नसतो. मुलांनी खेळताना काच सलग अनेकदा वर-खाली केल्यास मोटर तापते आणि तिच्यातील उष्णतारक्षक वीज तोडतो. काही मिनिटे थांबल्यावर काच पूर्ववत चालू होते.

फ्यूज, रिले आणि बॅटरी

सर्व काचा बंद असतील, तर वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील आकृती पाहून संबंधित फ्यूज शोधावा. काचांचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. पट्टीच्या आकाराच्या फ्यूजमध्ये २० अँपिअरचा रंग पिवळा व ३० अँपिअरचा हिरवा असतो. फ्यूजमधील बारीक पट्टी तुटलेली दिसल्यास तितक्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवावा. अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा त्याऐवजी तार बसवणे धोक्याचे आहे, कारण मग फ्यूजऐवजी दारातील तार जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कोठेतरी तार गाडीच्या पत्र्याला टेकत आहे, असे समजून फ्यूज बदलणे थांबवावे आणि तारा तपासाव्यात.

रिलेची चाचणी सोपी आहे. फ्यूजच्या पेटीत त्याच प्रकारचा व त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असल्यास दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. काचा सुरू झाल्या, तर दोष रिलेचा ठरतो.

काचा चालतात, पण इंजिन बंद असताना फारच संथ चालतात, तर बॅटरी तपासावी. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातो. इंजिन चालू करताच सर्व काचांना वेग येत असेल, तर बॅटरी दुबळी झाल्याची ती पूर्वसूचना आहे.

बिजागरीजवळची तार

एकच काच कधी चालते, कधी थांबते, असा अनुभव असेल, तर दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधील रबरी नळीकडे लक्ष द्यावे. दारात जाणाऱ्या सर्व तारा या नळीतून जातात आणि दार उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षांच्या या वाकण्याने आवरणाच्या आतील तांब्याचे बारीक धागे एकेक करून तुटतात. चालकाचे दार सर्वाधिक वेळा उघडत असल्याने हा दोष तेथे अधिक आढळतो.

त्याची परीक्षा अशी करावी. एकाने स्विच दाबून धरावा आणि दुसऱ्याने दार सावकाश उघडावे व मिटावे. दाराच्या एखाद्या विशिष्ट स्थितीत काच हलू लागली, तर तार नळीतच तुटली आहे. त्याच दारातील मध्यवर्ती कुलूप, ध्वनिक्षेपक किंवा आरसाही अधूनमधून बंद पडत असेल, तर शंका अधिक बळावते. तुटलेल्या तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणे हा टिकाऊ उपाय नव्हे. नव्या तारेचा तुकडा डाखाने जोडून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी बसवावी आणि जोड वाकणाऱ्या भागाबाहेर ठेवावा.

येथे एका सामान्य चुकीचा उल्लेख आवश्यक आहे. तारेतील एखादाच धागा शाबूत असला, तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो. मोटरला लागणारा प्रवाह मात्र त्या एका धाग्यातून जाऊ शकत नाही. म्हणून मोटरच्या जोडणीवर मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्पची साक्ष अधिक विश्वासार्ह ठरते. केवळ दोन तारा असलेल्या मोटरच्या बाबतीत, तिची जोडणी काढून दोन टोकांना दिवा लावावा आणि स्विच दोन्ही बाजूंना दाबावा. दोन्ही वेळा दिवा प्रखर लागला, तर मोटर दोषी आहे. एकाच दिशेला लागला, तर दोष स्विचचा किंवा त्याच्या तारांचा आहे. कोणत्याही दिशेला लागला नाही, तर वीज दारापर्यंतच येत नाही.

स्विचमध्ये वंगण नको

अडखळणाऱ्या स्विचमध्ये तेल किंवा वंगणाचा फवारा मारण्याची सवय अनेकांना असते. ती किती महागात पडू शकते, याचे उदाहरण नोंदले गेले आहे. ऑक्टोबर २०१२मध्ये टोयोटा कंपनीने चालकाच्या दारावरील स्विचमधील दोषामुळे जगभरातून सुमारे ७४ लाख वाहने परत मागवली. निर्मितीच्या वेळी स्विचमध्ये वंगण समप्रमाणात लागले नव्हते, त्यामुळे स्विच अडखळत असे. त्यावर बाजारातील सामान्य वंगण वापरल्यास स्विच वितळण्याची, धूर येण्याची व प्रसंगी आग लागण्याची शक्यता असल्याचा इशारा तेव्हा देण्यात आला. ऑक्टोबर २०१५मध्ये याच भागासाठी त्या कंपनीने सुमारे ६५ लाख वाहने पुन्हा परत मागवली. स्विच गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्याचा वापर ताबडतोब थांबवावा. आपल्या वाहनाचा क्रमांक उत्पादकाच्या अशा एखाद्या मोहिमेत येतो काय, याची अधिकृत सेवाकेंद्रात विचारणा करावी. येत असल्यास दुरुस्ती विनामूल्य होते.

काच संथ चालते किंवा स्वतःहून खाली येते

काचेच्या दोन्ही कडा रबरी खाचेतून सरकतात. उत्तरेकडील धुळीच्या प्रदेशात ही खाच बारीक मातीने भरते, तर कोकणासारख्या दमट किनारी भागात विद्युत जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. उन्हाने रबर कडक होऊन आकसते. घर्षण वाढले, की मोटरवर ताण येतो आणि निरोगी मोटरही लवकर झिजते. ओल्या फडक्याने खाच पुसून, ती कोरडी झाल्यावर सिलिकॉनचा फवारा मारावा. खनिज तेल किंवा ग्रीस वापरू नये. त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, इतकी निगा घेतली तरी पुष्कळ बिघाड टळतात.

दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली, तर दारात पाणी साचते आणि मोटर गंजते. दार हलवताना आतून पाण्याचा आवाज आल्यास ही छिद्रे बारीक काडीने मोकळी करावीत.

काच वर जाता जाता मध्येच थांबून पुन्हा खाली येत असेल, तर तो मोटरचा दोष नसून संरक्षण यंत्रणेचा प्रतिसाद असू शकतो. आपोआप बंद होणाऱ्या काचेत बोट किंवा मान अडकल्यास तिने मागे फिरावे, यासाठी ही सोय असते. युरोप व अमेरिकेच्या नियमांत अशा काचेच्या दाबाची मर्यादा १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलो वजनाच्या दाबाइतकी ठरवलेली आहे. खाचेतील घर्षण वाढले, की यंत्रणेला तेच अडथळ्यासारखे भासते. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावरही एका स्पर्शात काच बंद होण्याची सोय हरपते. अशा वेळी बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद धरून ठेवावा लागतो. नेमकी पद्धत माहितीपुस्तिकेत दिलेली असते. या प्रक्रियेदरम्यान संरक्षण बंद असू शकते, म्हणून काचेजवळ कोणाचाही हात नसावा.

काच उघडीच अडकली, तर

पाऊस येत असेल आणि काच अर्ध्यावर अडली असेल, तर एकाने आतून व बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबून वर ओढावी आणि दुसऱ्याने स्विच वरच्या दिशेने धरावा. दोरी तुटलेली असल्यास काच हातानेच वर येते. मग तिच्या वरच्या कडेवरून दाराच्या चौकटीवर रुंद चिकटपट्टी लावून ती रोखून धरावी. काच वर येतच नसेल, तर जाड प्लास्टिक बाहेरून छताच्या कडेपर्यंत चिकटवावे, म्हणजे पाणी आत न येता बाहेर ओघळते. काच आणि दार यांच्या फटीत बोटे घालू नयेत.

दाराचे आच्छादन काढायचे झाल्यास ते काम जाणकाराकडूनच करून घेणे श्रेयस्कर होय. अनेक गाड्यांच्या दारात एअरबॅगचे संवेदक व तारा असतात. त्यामुळे आधी बॅटरीची जोडणी काढून माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे लागते. मोटर काढण्यापूर्वी काच चिकटपट्टीने बांधली नाही, तर ती सुटून खाली येते आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते. आच्छादनामागील प्लास्टिकचा पडदा काम संपल्यावर पूर्ववत चिकटवला गेला की नाही, हे वाहनधारकाने आवर्जून पाहावे. तो फाटका राहिला, तर पावसाचे पाणी थेट गाडीत येते.

गॅरेजमध्ये काय विचारावे

मोटर बदलावी लागेल असे सांगितले गेल्यास, मोटरपर्यंत वीज पोहोचते का, हे टेस्ट लॅम्पने दाखवण्याची विनंती करावी. मोटर आणि रेग्युलेटर स्वतंत्र मिळतात की एकत्रच, याची चौकशी करावी. बाजारात रेग्युलेटर ‘विंडो मशीन’ या नावानेही मिळतो. काढलेला जुना भाग पाहण्यास मागावा. नवी मोटर बसवताना रबरी खाच स्वच्छ केली आहे ना, हेही विचारावे, अन्यथा जुन्या खाचेतील घर्षण नव्या मोटरलाही झिजवते.

दुरुस्ती लांबणीवर का टाकू नये

गाडीत लहान मुले असताना काचबंदीचे बटण दाबलेले ठेवावे आणि गाडी सोडताना चावी आत ठेवू नये. काच वर नेण्यासाठी स्विच वर ओढावा लागेल, अशी रचना नव्या गाड्यांत दिसते. मुलाचा गुडघा स्विचवर पडून काच बंद होऊ नये, हा तिचा हेतू आहे. जुन्या गाड्यांत ही सोय नसल्याने अधिक दक्षता हवी.

पाण्याचा धोका याहून गंभीर आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये काही जणांना बाहेर पडता आले नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. पाणी वाढले, की बाहेरील दाबामुळे दार उघडत नाही आणि विजेच्या काचेचा भरवसा राहत नाही. म्हणून गाडी पाण्यात शिरत आहे असे दिसताच पहिल्या मिनिटातच पट्टा सोडावा, काच खाली घ्यावी, आधी मुलांना बाहेर काढावे आणि मग स्वतः बाहेर पडावे. काच उतरत नसेल, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीने आघात करावा. मध्यभागी केलेला आघात वाया जाण्याची शक्यता अधिक असते. समोरची काच थर जोडून बनवलेली असल्याने ती अशी फुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही थरांच्या असतात. काचेच्या कोपऱ्यातील छापील खुणेवरून ते आधीच पाहून ठेवावे. ही हातोडी सामानकप्प्यात नव्हे, तर चालकाच्या हाताशी असावी.

जी काच रोज थोडी अडखळते, ती संकटाच्या क्षणी नेमकी अडणार नाही, याची शाश्वती देता येत नाही. पावसाळ्यापूर्वी चारही काचा एकदा पूर्ण खाली व एकदा पूर्ण वर नेऊन पाहाव्यात. प्रत्येक काचेचा वेग आणि आवाज यांकडे लक्ष द्यावे. एखादी काच इतरांपेक्षा संथ वाटली, तर ती पूर्ण थांबण्याची वाट न पाहता तिची तपासणी करून घ्यावी.